तुम्ही विचारलंत म्हणून: डिकी रिकामी ठेवून सबवूफर कुठे लपवायचा?

सबवूफर म्हणजे फक्त खालचे, जाड सूर वाजवणारा मोठा स्पीकर. प्रश्न बहुतेक वेळा एकाच शब्दांत येतो: "सबवूफर हवाय, पण डिकी जाता कामा नये, आणि दिसायलाही नको." गोव्यात डिकीला सुट्टी नसते. चवथीला म्हापशाच्या बाजारातलं माटोळीचं, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांचं, सामान आणि नारळाचं पोतं, एरवी मोपा नाहीतर दाबोळी विमानतळावर पोचवायच्या पाहुण्यांच्या बॅगा. तिथे बारा इंची पेटी ठेवली की निम्मी डिकी गेलीच.

तर हो, लपवता येतो. जागा मुळात तीनच: पुढच्या सीटखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात, किंवा डिकीच्या बाजूच्या पोकळीत. अडचण अशी की गाडीत पाणी साचायच्या जागाही याच तीन. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो तिथे "वूफर कुठे मावतो" याच्याआधी "माझ्या गाडीत पाणी कुठे जातं" हे बघावं लागतं. कोरड्या मुलखातल्या लोकांचे सल्ले इथे जून उजाडला की उघडे पडतात.

आधी हवेचं गणित. वूफर म्हणजे नुसता पडदा. त्याचा आवाज घडतो पेटीतल्या हवेमुळे. आपलं घुमट हे वाद्य जवळून पाहिलेल्याला हे समजावायला नको. मातीच्या भांड्याचं एक तोंड कातड्याने मढवलेलं, दुसरं लहान तोंड उघडं; वादक ते हाताने झाकतो-उघडतो तसा नाद बदलतो. पेटीचंही तसंच, बंद आणि तोंडाची असे दोन प्रकार. तोंडाची म्हणजे पोर्टची पेटी जास्त दणका देते, पण तिला हवा जास्त लागते आणि पोर्टची लांबीही. लपवायच्या जागेत ते जमत नाही. तिथे बंद पेटीच करा.

आठ इंची वूफरला बंद पेटीत साधारण ८ ते १२ लिटर हवा लागते, दहा इंची उथळ वूफरला १५ ते २०. नेमका आकडा वूफरसोबतच्या कागदावर असतो. तोच खरा, सुताराचा अंदाज नव्हे. फसगत बहुधा मापातच होते. बाहेरून ३० × ३० × २० सेंटीमीटरची पेटी १८ लिटरची वाटते. १८ मिलिमीटरच्या प्लायची जाडी सगळीकडून वजा केली की आत उरतात जेमतेम साडेअकरा लिटर, आणि त्यातलीही थोडी जागा वूफरचं मॅग्नेट खातं. हवा कमी पडली की नाद चढतो, एकाच सुरावर भुंकल्यासारखा येतो आणि खालचा ठेका गायब होतो. लिटर-दोन लिटर कमी पडत असेल तर पेटीत उशीचा पॉलिएस्टर कापूस सैलसर भरा. पेटी थोडी मोठी असल्यासारखी वागते. ठासून भरला तर उलटं होतं.

दहातल्या सात जणांना माझं उत्तर सीटखालचा चपटा वूफर हेच असतं. आठ इंची, उंची सुमारे ७ सेंटीमीटर, ॲल्युमिनियमची पेटी, ॲम्प्लिफायर आतच. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या "मॅक्स" वॉटकडे बघू नका, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे खरे वॉट, बघा. ५० ते १०० वॉट आरएमएस असला तर तबल्याचा डग्गा, पखवाज, घुमट, बेस गिटार सगळं भरीव होतं. डीजेसारखा छातीवर धक्का हवा असेल तर तो यातून येणार नाही, कितीही पैसे घातले तरी.

माप घेताना सीट सगळ्यांत खाली आणि पूर्ण पुढे-मागे सरकवून घ्या. माणूस बसल्यावर सीटची स्प्रिंग खाली येते, म्हणून वर किमान दीड सेंटीमीटर मोकळं हवं. सीटखालून मागच्या प्रवाशांसाठी हवेची नळी जात असेल तर ती दाबू नका. तिथेच पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसतील. ते एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेचे. सीट काढायची झाली तर आधी इग्निशन बंद, मग बॅटरीची निगेटिव्ह काढायची, थोडा वेळ थांबायचं, आणि ते कनेक्टर सुटे असताना इग्निशन अजिबात लावायचं नाही. नाहीतर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि स्कॅनरशिवाय विझत नाही. काही हायब्रीड गाड्यांची मोठी बॅटरी पुढच्या सीटखालीच असते. नारिंगी केबल दिसली की हात मागे घ्या.

आता पाणी. ओल्या चपला, गळकी छत्री, आणि एसीची पाणी सोडणारी नळी तुंबली की कार्पेटखाली आतल्या आत भरणारं पाणी. चपटा वूफर थेट कार्पेटवर ठेवला तर खालचे स्क्रू आणि टर्मिनल वर्षभरात हिरवे पडतात. म्हणून स्टीलच्या पट्ट्यांचा छोटा स्टँड करून तो १० ते १५ मिलिमीटर उचला आणि स्टँड सीटच्या पट्टीला बोल्टने धरा. नुसत्या वेल्क्रोवर सोडला तर जोरात ब्रेक मारल्यावर तो घसरून ड्रायव्हरच्या पायाशी येऊ शकतो.

स्टेपनीच्या खड्ड्यातला गोल वूफर टायरच्या रिमच्या खळग्यात बसतो आणि स्टेपनीच्याच लांब बोल्टने आवळला जातो. डिकीची फळी वरून पूर्वीसारखी बसते. पण हे स्टेपनी डिकीच्या फळीखाली असेल तरच. एर्टिगासारख्या गाड्यांत ती बाहेर बुडाखाली लटकते, थारमध्ये मागच्या दाराला. तिथे हा विषय संपला. घेण्याआधी रिमच्या खळग्याची खोली मोजा, टायरच्या काठावर सरळ पट्टी आडवी ठेवून. आणि वायरीला झटक्यात सुटणारा कनेक्टर लावाच. चोर्ला घाटात पावसात पंक्चर झाल्यावर डिकीतलं सामान उतरवून मग वायरी कापत बसायची वेळ येऊ नये. त्या खड्ड्याच्या तळाला रबरी बूच असतं. डिकीच्या दाराचं रबर किंवा टेललाईटचं गॅस्केट गळत असेल तर पाणी तिथेच जमतं, आणि स्टेपनी न काढणाऱ्याला ते दोन पावसाळे कळत नाही. वूफर घ्यायच्या आधी बाहेरून पाइपाने पाणी मारून खड्डा तपासा.

तिसरी जागा सगळ्यांत चांगली आणि सगळ्यांत कटकटीची: मागच्या चाकाच्या कमानीमागे, डिकीच्या प्लास्टिकआडची पोकळी. पेट्रोलचं झाकण ज्या बाजूला, तिथून टाकीची नळी जाते, म्हणून विरुद्ध बाजू निवडा. तिथे पत्र्यात रबरी पडद्यांची एक जाळी दिसेल. दार लावताना आतली हवा त्यातून बाहेर जाते. ती पेटीने बुजवली तर दारं जड लागतात, आणि पावसात काचांवर वाफ धरायला लागते. तेवढी मोकळी ठेवा, आणि टेललाईटचा बल्ब बदलायला हात जाईल एवढी फट.

या वेड्यावाकड्या पोकळीत प्लायची पेटी मावत नाही, फायबरग्लासची ओतावी लागते. इथे मात्र आपण नशीबवान, कारण किनाऱ्यावर फायबरच्या होड्या करणारे, दुरुस्त करणारे कारागीर आहेत. त्यांना वूफर कळत नसेल, पण मॅट (काचतंतूंची चटई) आणि रेझिन (ती घट्ट करणारा राळेसारखा द्रव) ॲक्सेसरीवाल्यापेक्षा जास्त कळतं. पोकळीत मास्किंग टेपचे दोन थर, वर ॲल्युमिनियम फॉइल, मग ४५० ग्रॅमची चॉप्ड मॅट. गाडीत दोन-तीन थर देऊन कवच सुकल्यावर बाहेर काढायचं आणि उरलेले थर अंगणात द्यायचे, भिंत ६ ते ८ मिलिमीटर होईपर्यंत. मॅटच्या वजनाच्या साधारण अडीचपट रेझिन लागतं. एक किलो रेझिनला हार्डनर १० ते १५ मिली. मे महिन्यात कमी बाजूला राहा आणि एका वेळी पाव किलोच कालवा, नाहीतर डब्यातच गोळा होतो. जुलैत हे काम काढूच नका. मॅट ओल धरते, रेझिन चिकट राहतं आणि गाडीत त्याचा वास महिनाभर रेंगाळतो. प्रवेगक आधीच मिसळलेलं रेझिन मागा. सुटा कोबाल्ट (म्हणजेच प्रवेगक) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत, स्फोट होतो. मास्क, हातमोजे आणि सगळी दारं उघडी.

तोंडाला १८ मिलिमीटर मरीन प्लायची चकती. एमडीएफ स्वस्त, आवाजालाही उत्तम, पण आपल्या दमट हवेत कापलेल्या कडा फुगतात आणि स्क्रू सुटतात. कवचात किती लिटर मावतं हे मोजायला सोपी युक्ती: आत प्लास्टिकची पिशवी घालून लिटरच्या मापाने तांदूळ ओता आणि मोजत जा.

वायरिंगचा हिशेब असा. ३०० वॉट आरएमएसचा डी-क्लास ॲम्प, कार्यक्षमता ८० टक्के धरली तर १३.८ व्होल्टला सुमारे २७ अँपिअर ओढतो. त्याला शुद्ध तांब्याची ८ गेज वायर आणि ३० अँपिअरचा फ्यूज. बाजारात ८ गेजच्या नावाने ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर सर्रास मिळते. टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर ४ गेज घ्या किंवा परत करा. कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची मिळाली तर दुप्पट उत्तम, खाऱ्या हवेत काळी पडत नाही. पण तीही वरून पांढरीच दिसते, म्हणून चाकूने तार खरवडून तांबं बघा. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत हवा. तो ॲम्पचं नव्हे, वायरीचं रक्षण करतो. मधे कुठे वायर पत्र्याला घासली तर आग लागू नये म्हणून. इंजिनमागच्या भिंतीतून जाताना कंपनीच्याच रबरी ग्रोमेटमधून जा, आणि त्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत न येता तिथेच ठिबकेल. वर नालीदार पाइप चढवा. पावसात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि पहिल्यांदा नवीन वायरच कुरतडतात.

अर्थिंग हे बहुतेक तक्रारींचं मूळ. वायर अर्ध्या मीटरच्या आसपास, पत्र्यावरचा रंग चकचकीत होईपर्यंत घासलेला, आणि स्वतंत्र बोल्ट. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नका. घट्ट केल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन फासा, नाहीतर उघडा पत्रा पहिल्याच पावसाळ्यात गंजतो आणि वूफर मधूनच बंद पडायला लागतो. सिग्नलची वायर पॉवरच्या विरुद्ध बाजूने न्या. शेजारून गेली तर ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शीळ ऐकू येते.

कंपनीच्या टचस्क्रीनला आरसीए, म्हणजे ॲम्पला सिग्नल द्यायची वेगळी खोबण, नसते. तिथे मागच्या दाराच्या स्पीकरवरून हाय-लेव्हल इनपुट घ्या, पण मूळ वायरी कापून नव्हे. त्या मॉडेलचा कपलर मिळतो. कापलेली वायर दिसली की वॉरंटीचा वाद सुरू होतो. रिमोट वायर (स्टिरिओबरोबर ॲम्प चालू-बंद करणारी) थेट बॅटरीला जोडायचा आळस कुणी करू नये. रविवारी उभी केलेली गाडी बुधवारी सुरू होत नाही ती यामुळे.

ॲम्पवरचा गेनचा खटका म्हणजे व्हॉल्यूम नव्हे; तो स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प जुळवतो. स्पीकर सोडवा, बास बूस्ट शून्य, स्टिरिओ तीन चतुर्थांशावर, ५० हर्ट्झचा सूर लावा आणि ॲम्पच्या टोकांवर मल्टिमीटर एसीवर धरा. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: १५० वॉट, ४ ओहम, म्हणजे साडेचोवीस व्होल्ट. तिथे थांबा. लो-पास (वूफरला फक्त खालचे सूर सोडणारा) ८० हर्ट्झवर, आणि सोय असेल तर दारांचे स्पीकर त्याच आकड्यावर हाय-पास (फक्त वरचे सूर). मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून दुसऱ्याला फेजचा खटका ० आणि १८० करायला सांगा; ज्यात ठेका भरीव, तो ठेवा.

यानंतर नंबर प्लेट खडखडते. नवीन प्लेट रिव्हेटने पक्की असल्याने काढता येत नाही. कडेने पातळ फोमची पट्टी सरकवा. डिकीच्या दाराला आतून दोन मिलिमीटरची ब्यूटिल शीट (थरथर दाबणारी चिकट रबरी पट्टी) पत्र्याच्या निम्म्या भागाला पुरते, सगळा मढवायची गरज नाही.

आणि जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर, गाडी तासभर पावसात चालवून आल्यावर, वूफरखालच्या कार्पेटमध्ये हात घाला. ओल लागली तर वूफर बाहेर काढून ठेवा आणि आधी एसीची नळी, दाराची रबरं नि बुचं बघा. साऊंडवाला नंतर.