तलावांची पानं आणि क्लासची नावं

ठाण्यातल्या तलावांवर आम्ही मित्रमंडळी एक छोटी वेबसाइट चालवतो. मासुंदा, कचराळी, उपवन, प्रत्येकाचं वेगळं पान. ती माझ्याकडे आली तेव्हा प्रत्येक फोटोच्या टॅगमध्येच, म्हणजे पानावर फोटो आणणाऱ्या एचटीएमएल कोडच्या तुकड्यातच, रुंदी, बॉर्डर, मार्जिन कोंबलेलं होतं. कुठे कुठे ‘अलाइन’सुद्धा, जे एचटीएमएल ४ च्या काळापासूनच मोडीत निघालंय. मोबाइलवर उपवनचा आडवा फोटो सरळ स्क्रीनबाहेर.

आधी सगळ्या फोटोंना एकच नियम लावला: मॅक्स-विड्थ १०० टक्के, हाइट ऑटो, म्हणजे फोटो उपलब्ध रुंदीबाहेर जाणार नाही आणि उंची प्रमाणात राहील. मग क्लास: टॅगला एक नाव द्यायचं आणि त्या नावाचे दिसण्याचे नियम स्टाइलशीटमध्ये एकत्र लिहायचे. तरी काही फोटो ढिम्म हलेनात, कारण टॅगमधली स्टाइल क्लासला जुमानत नाही. ‘इम्पॉर्टंट’ लिहून ती दडपता येते, पण मग उद्या त्यावर दुसरं ‘इम्पॉर्टंट’ लिहावं लागतं. त्यापेक्षा टॅग धुऊन काढले. कंटाळवाणं काम, पण एकदाच करायचं.

खरा वाद नावांवरून झाला. मित्राचं म्हणणं, ‘डावीकडे’, ‘निळी-चौकट’ अशीच नावं ठेव, लगेच कळतं. मी म्हटलं, अरे, मोबाइलवर तो फोटो डावीकडे राहतच नाही, पूर्ण रुंदीचा होतो. उद्या चौकट राखाडी केली तर? म्हणून नाव फोटोच्या कामावरून: ‘मुखचित्र’, ‘लघुचित्र’. होय, देवनागरीत! फाइल यूटीएफ-८ मध्ये (देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवणाऱ्या पद्धतीत) सेव्ह केलेली असली की ब्राउझरला चालतं. फक्त नावात जागा सोडायची नाही, नाहीतर एकाचे दोन क्लास होतात.

मुखचित्र मधोमध आणायला नुसतं मार्जिन ऑटो (दोन्ही बाजूंना सारखी मोकळी जागा) पुरत नाही; फोटो मुळात ओळीतल्या अक्षरासारखा बसतो. डिस्प्ले ब्लॉक देऊन त्याला स्वतंत्र चौकोनासारखं बसवलं की जमतं, आणि खालची ती चिंचोळी फटही जाते.

लघुचित्रांना ठरावीक रुंदी-उंची आणि ऑब्जेक्ट-फिट कव्हर. यात फोटो ताणला जात नाही, कापला जातो, आणि मध्य धरून कापला जातो. कोपिनेश्वर मंदिराच्या उभ्या फोटोत नेमकं शिखरच गेलं. देवळाचं शिखर कापलेला फोटो ठाणेकरांना दाखवायची माझी तरी छाती नव्हती. ऑब्जेक्ट-पोझिशन टॉप (म्हणजे वरची कड धरून काप) एवढीच ओळ घालून ‘माथा-राख’ असा क्लास केला. आता त्या टॅगमध्ये जागा सोडून दोन्ही नावं आहेत. त्यांचा क्रम कसाही चालतो. दोन नियम भांडलेच, तर स्टाइलशीटमध्ये नंतर लिहिलेला जिंकतो. म्हणून ‘माथा-राख’ खाली लिहिलाय.