सरांना बसेल अशी सायकल

सातारच्या सरांची सायकल गाडीच्या टपावरून उतरवली, तेव्हा माझी नजर आधी सीटपोस्टवर गेली. सीटपोस्ट म्हणजे सीटखालची दांडी. तिच्यावर एक बारीक रेघ कोरलेली असते. ती फ्रेमच्या आत बुडालेलीच असायला हवी. इथे ती फ्रेमच्या चांगली चार बोटं वर दिसत होती. खाली वाकून पाहिलं, तर सीटची नळी आणि आडवी नळी जिथे वेल्डिंगने जोडलेली असते तिथे, मागच्या बाजूला, रंगात केसाएवढी चीर. नख फिरवलं तर अडकलं. नुसता रंग उडाला नव्हता, आतलं अ‍ॅल्युमिनियम फाटायला लागलं होतं.

“सर, या सायकलवर आता बसायचं नाही. दुकानाच्या दारापर्यंतसुद्धा नाही.”

सर सहा फूट सात इंच. एकेकाळी व्हॉलीबॉल खेळलेले, आता शाळेत खेळाचे शिक्षक. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी पळायला मनाई केली होती, पण सायकल चालवा म्हणाले होते. सरांचं घर यवतेश्वर घाटाच्या पायथ्याशी, आणि त्यांना वर कासच्या बाजूला, जमलंच तर बामणोलीच्या कच्च्या वाटांवर जायचं होतं. म्हणून बॅटरीची माउंटन बाइक घेतली. विकणाऱ्याने सांगितलं, “सीट वर घ्या, होऊन जाईल.” त्यांनी सीट वर घेतली. तरी गुडघे दुखायचे, म्हणून आणखी वर घेतली.

मी पुण्यात सायकल फिटिंगचं काम करते आणि “सीट वर घ्या” या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. उंच माणसाला आयुष्यभर हेच ऐकावं लागतं. एसटीत पाय तिरके ठेवा, पलंगावर तिरके झोपा, दारातून वाकून या. सायकलवर तिरकं बसता येत नाही. चुकीच्या मापाचा दर फेरा गुडघ्याला लागतो, आणि तासाभरात असे काही हजार फेरे होतात.

सरांना अनवाणी भिंतीला टेकवून उभं केलं. मांड्यांच्या मध्ये पाटी घट्ट धरायला लावली आणि जमिनीपासून पाटीच्या वरच्या कडेपर्यंत मोजलं. इनसीम, म्हणजे पायाची आतल्या बाजूची उंची, 97 सेंमी. फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार आणि ग्रेग लेमाँड यांच्यामुळे प्रसिद्ध झालेला एक हिशेब आहे: इनसीमला 0.883 ने गुणलं की पेडलचे दांडे, म्हणजे क्रँक, ज्या अक्षावर फिरतात तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मिळतं. तो शेवटचा शब्द नाही, पण सुरुवात म्हणून चांगला. सरांसाठी ते येतं साधारण 85.6 सेंमी. त्यांच्या सायकलची सीट रेघ आत ठेवून एवढी वर जाणं शक्यच नव्हतं. आपल्याकडच्या बऱ्याच ई-सायकली एकाच मापात येतात आणि ते माप सर्वसाधारण उंचीच्या माणसाला धरून केलेलं असतं.

बरोबर आलेला भाचा इंजिनीअर. त्याने सरळ विचारलं, “मग लांब सीटपोस्ट टाकली तर? मिळते की.”

त्याला मी फळ्यावर काढून दाखवलं, कारण इथेच बहुतेकांची समजूत चुकते. सीटची नळी सरळ उभी नसते, मागे कललेली असते. त्यामुळे सीट जितकी वर काढाल तितकी ती मागेही सरकते. नळीचा कोन 70 अंश असेल, तर 85.6 सेंमी वर गेलेली सीट क्रँकच्या अक्षामागे 29 सेंमी जाते. कोन 74 असेल, तर साडेतेवीस. या साडेपाच सेंमीत सगळा खेळ आहे. क्रँकच्या अक्षापासून मागच्या चाकाचा अक्ष साधारण 44 सेंमीवर असतो आणि बऱ्याच मॉडेलमध्ये छोट्या फ्रेमपासून मोठ्या फ्रेमपर्यंत हे अंतर तेवढंच ठेवतात. म्हणजे माणूस मोठा होतो, सायकल मागे वाढतच नाही. उंच माणूस जवळजवळ मागच्या चाकावर जाऊन बसतो. त्यात चढ लागला आणि मोटरने धक्का दिला की पुढचं चाक उचलतं.

सर लगेच म्हणाले, “अगदी असंच होतं! घाटात दुसऱ्या वळणाला हँडल हलकं होतं. मला वाटायचं माझंच वजन जास्त आहे.”

वजन 104 किलो. त्यांच्या उंचीला ते फार जास्त नाही.

फुल सस्पेन्शनच्या, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेल्या सायकलींमध्ये हा घोळ आणखी वाढतो. मागच्या शॉकला जागा द्यायला नळी वाकवलेली असते. कॅटलॉगमध्ये छापलेला कोन मधल्या उंचीच्या सीटसाठी खरा असतो, सीट 85 सेंमीवर गेली की प्रत्यक्षातला कोन बराच कमी निघतो, म्हणजे सीट आणखी मागे जाते. म्हणून मी ठरवलं, सरांना हार्डटेलच, म्हणजे मागे शॉक नसलेली सायकलच द्यायची. तिची सीटची नळी सरळ असते, त्यामुळे कागदावरचा कोन आणि बसल्यावरचा कोन एकच.

भाच्याला मी जगात काय काय आहे तेही सांगितलं. कॅलिफोर्नियातली डर्टीसिक्सर ही कंपनी उंच लोकांसाठी 36 इंची चाकांच्या सायकली बनवते, एनबीए या अमेरिकी लीगचे बास्केटबॉल खेळाडू तिचे गिऱ्हाईक आहेत. कोलोरॅडोतले लेनर्ड झिन, स्वतः साडेसहा फूट उंच, उंच लोकांच्या फ्रेम आणि लांब क्रँक बनवतात. त्यांचं म्हणणं, क्रँक इनसीमच्या 21 टक्क्यांच्या आसपास हवी. सरांसाठी ती 204 मिमी भरते, आणि बाजारातल्या ई-माउंटन बाइकवर असते बहुधा 165 किंवा 170. खडकाला पेडल लागू नये म्हणून क्रँक आखूड ठेवतात. सहा फूट सात इंची माणसाने त्या मारायच्या म्हणजे बालवाडीच्या बाकावर बसून पेपर लिहायचा. पण अमेरिकेतून आणायची म्हटलं की खर्च, कस्टम आणि मोटर बिघडल्यावर सातारला ती उघडणार कोण, हा प्रश्न. सरांनी मान हलवली.

दुकानाच्या मागच्या भागात एक 29 इंची चाकांची हार्डटेल होती, एक्सएक्सएल फ्रेम, सीटची नळी 21 इंच, कोन 74. बिनमोटरची. आमच्याकडे या मापाला गिऱ्हाईक येत नाही, म्हणून ती बरेच दिवस भिंतीलाच होती. ती ट्रेनरवर, म्हणजे जागेवरच पेडल मारायच्या स्टँडवर चढवली. सीट 85.6 वर बांधली. सीटपोस्ट 400 मिमीची, आत 12 सेंमीहून जास्त शिल्लक, रेघ पूर्ण बुडालेली. फोर्कची नळी कापलेली नव्हती, ती तशीच ठेवून हँडलच्या खाली स्पेसर, म्हणजे कड्या, घातले आणि उंच उठावाचं हँडल लावलं.

सर बसले आणि पेडल मारायला लागले. मी गुडघ्याला कोनमापक लावला. पाय पूर्ण सरळ म्हणजे शून्य धरला, तर पेडल तळाला असताना 32 अंश. 25 ते 35 च्या आत हवा, तसा. जुन्या सायकलवर सीट रेघेपर्यंत खाली असताना हाच कोन किती येतो, ते सकाळी हिशेबाने काढलं होतं, तेव्हा तो 50 च्या वर आला होता. गुडघ्याच्या वाटीमागे दुखायचं ते त्यामुळेच.

ते बराच वेळ पेडल मारत राहिले. मग म्हणाले, “ताई, माझे गुडघे हँडलला लागत नाहीयेत. शाळेत असल्यापासून मी सायकल गुडघे बाहेर काढूनच चालवतो.” भाचा मामांकडे बघतच राहिला. मलाही त्या क्षणी काही सुचलं नाही, मी पुन्हा एकदा कोन मोजला.

आता मोटर. जुन्या सायकलची मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधोमध होती. हबमधल्या मोटरला गिअरचा फायदा मिळत नाही. जड माणूस घाटात हळू चालला की ती कमी फेऱ्यांवर रखडते आणि ऊर्जा उष्णतेत जाते. सर म्हणालेच होते, वर पोचेपर्यंत हबला हात लावता येत नाही. क्रँकपाशी बसणारी मोटर सायकलच्याच गिअरमधून जोर लावते, म्हणून या हार्डटेलला तसल्या मोटरचं किट बसवायचं ठरवलं. सायकल, सर आणि सामान मिळून 130 किलो धरा. सात टक्क्यांच्या चढावर ताशी 10 किमीने जायला चाकाशी साधारण 280 वॅट लागतात. अर्धे सरांनी दिले, अर्धे मोटरने, की काम झालं.

भाच्याला 750 वॅटची हवी होती. मी ठाम नाही म्हणाले. केंद्रीय मोटार वाहन नियमांत अर्ध्या तासाची शक्ती, म्हणजे मोटर सलग अर्धा तास देऊ शकते ती, 0.25 किलोवॉटपेक्षा (250 वॅटपेक्षा) कमी आणि वेग ताशी 25 किमीपेक्षा कमी, ही मोटार वाहन न मानण्याच्या सवलतीची हद्द आहे. मोटरला आवरणारा कंट्रोलर मी त्याच्या आतच बांधते. शिवाय ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला पेडल मारायचा व्यायाम हवा होता, मोटरसायकल नव्हे.

मोठ्या फ्रेमचा एक फायदा झाला. त्रिकोण एवढा ऐसपैस की 36 व्होल्ट, 14 अँपियर-तासांची बॅटरी बाटलीच्या जागी आरामात बसली. अडचण खाली आली. किटची दात्यांची मोठी चकती मागच्या नळीला घासत होती. 38 दात्यांची लावली, वॉशर घालून बाहेर सरकवली, तेव्हा सुटली. किटच्या 170 च्या क्रँक काढून 175 च्या घातल्या. 204 अजून लांबच, पण हातात होतं तेवढं केलं. पुढे 203 मिमीची डिस्क, कारण एवढं वजन घाट उतरताना थांबवायचंही असतं.

जुनी फ्रेम सर कुणाला तरी देऊ म्हणत होते. ती मी त्यांच्यासमोरच करवतीने कापली.

नंतर त्यांचा फोन आला तो थेट कासच्या तलावापासून. पुढचं चाक एकदाही उचललं नाही, हबसारखं काही तापलं नाही, गुडघा ठीक. तक्रार एकच: खडबडीत उतारावर एवढी उंच सीट मध्ये येते, मागे सरकता येत नाही. तक्रार रास्त आहे. त्यांना ड्रॉपर लागणार, बटण दाबल्यावर खाली जाणारी सीटपोस्ट, आणि तीही 200 मिमी उतरणारी, कारण 125 ची त्यांच्या पायांना पुरणार नाही. ती नळीत सुमारे 30 सेंमी खोल जाते. त्यांच्या फ्रेमची नळी मी मोजून ठेवलेली आहे, तेवढी जागा आहे. ऑर्डर दिली आहे.