फिल्टरच्या कडेचा तेलकटपणा: माझा अनुभव

कॅमेऱ्याच्या लेन्सवर चढवायच्या जुन्या यूव्ही फिल्टरची काच मधोमध स्वच्छ करायला पाच मिनिटं पुरतात. जीव मेटाकुटीला आणते ती कड. रिंगला लागून तेलकट, धुरकट वर्तुळ बसलेलं असतं. पुसलं की जातं आणि काच उजेडात तिरकी धरली की पुन्हा तिथंच हजर. यावर कापडं आणि तासन् तास घालवल्यावर कारण हाती लागलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी ब्लोअरनं (हातानं दाबून हवा मारायचा रबरी फुगा) धूळ उडवा, मग मऊ ब्रश, आणि त्यानंतरच ओलं कापड. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते काचेपेक्षा कठीण असतात. कोरडं पुसलं की गोल गोल बारीक चरे पडतात, आणि ते कशानंही निघत नाहीत.

आता ती कड. काच रिंगच्या खाचेत बसते आणि वरून दुसरी पातळ रिंग तिला धरून ठेवते. वर्षानुवर्षांचा हाताचा तेलकटपणा, आट्यांतलं ग्रीस आणि धूळ याच फटीत साचते. आपण आयसोप्रोपिल अल्कोहोल थेट काचेवर टाकतो, तेव्हा ते कडेला ओघळून फटीत शिरतं आणि आतला चिकटा विरघळवतं. कापड दाबलं की तो पातळ झालेला मळ पुन्हा काचेवर येतो आणि अल्कोहोल उडून गेल्यावर तसाच राहतो. म्हणजे जितकं जास्त अल्कोहोल, तितका जास्त राडा! मी नेमकं हेच करत होतो. अल्कोहोल नेहमी कापडावर घ्यायचं, दोन थेंब, आणि पुसायचं ते कडेकडून मध्याकडे नव्हे, तर मध्यापासून कडेकडे.

पण खरा इलाज म्हणजे काच बाहेर काढणं. आतल्या पातळ रिंगवर समोरासमोर दोन बारीक खाचा दिसल्या तर ती आट्यांची आहे. लेन्स स्पॅनरची (अशा रिंगा फिरवायचा दोन टोकांचा पाना) दोन्ही टोकं खाचांत बसवा आणि घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा. त्याआधी काचेवर तिच्या मापाची कागदी चकती ठेवा, कारण टोक सटकलं की ओरखडा ठरलेला. खाचांऐवजी तारेची तुटक रिंग असेल तर एका टोकाखाली पिन घालून उचला आणि दुसऱ्या टोकावर बोट दाबून धरा, नाहीतर ती उडते. यातलं काहीच दिसलं नाही तर रिंग दाबून पक्की केलेली आहे. ती उचकटू नका.

मग 250 मिली कोमट पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाचे एक-दोन थेंब टाका आणि काच व रिंग पाच मिनिटं त्यात ठेवा. रिंगच्या खाचेत मऊ टूथब्रश फिरवला की पाण्यात काळपट मळ उतरताना दिसतो, आणि इतके दिवस आपण काय पुसत होतो ते कळतं. न उघडणारा फिल्टर अख्खाच असा धुवा, मग उभा धरा: पाणी खाचेत खाली जमतं, तिथं टिश्यूचं पिळलेलं टोक टेकवलं की ते शोषून घेतं. शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड वॉटरनं करा; साध्या पाण्यातले क्षार वाळल्यावर पांढरे ठिपके ठेवतात.

हे सगळं एकाच काचेच्या फिल्टरसाठी. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) कधीही बुडवू नका, ही सूचना खरं तर सगळ्यात वर हवी होती. त्यात दोन काचांमध्ये पातळ फिल्म असते. कडेनं पाणी शिरलं की थर सुटतात आणि फिल्टर कायमचा जातो. त्याला फक्त जेमतेम ओलसर कापड.

टूथपेस्ट आणि अमोनिया असलेला काच-क्लीनर कोटिंगवर (काचेवरचा परावर्तन कमी करणारा पातळ थर) वापरू नका. मायक्रोफायबर कापड फॅब्रिक सॉफ्टनरशिवाय धुतलेलं हवं, नाहीतर तेच काचेवर तेलकट थर देतं. जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. पुसून ती निघते, पण काच खाल्ली गेली असेल तर डाग राहतो.

तपासणी काळ्या कापडावर करा. कोटिंगमध्ये दिव्याचं प्रतिबिंब हिरवट किंवा जांभळट दिसतं. जिथं तेल उरलंय तिथं तो रंग बदलतो. असा डाग दिसेनासा झाला की काच पूर्वीच्याच बाजूनं बसवा आणि रिंग काच खडखडायची थांबेल इतकीच आवळा. जास्त आवळली तर काचेची कड टवका सोडते. लेन्सवर चढवण्याआधी रात्रभर उघड्यावर वाळू द्या, कारण खाचेत राहिलेला ओलावा फिल्टर आणि लेन्सच्या मध्ये अडकून धुकं धरतो.