स्लाइडवर तारीख दिसत नाही

यकृताच्या बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की नातेवाइकांची नजर ‘सूज’ या शब्दावर अडते. मी सांगलीत पॅथॉलॉजिस्ट आहे. लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न नेहमी येतो, “मॅडम, सूज आहे तर ती उतरवायचं औषध का नाही देत?” प्रश्न रास्त आहे, पण उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही. म्हणून इथे लिहिते.

मायक्रोस्कोपखाली मला सूज दिसते ती प्रतिकारपेशींच्या गर्दीच्या रूपात. त्यातल्या काही तिथल्याच रहिवासी. यकृताला मिळणारं साधारण तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून, आतड्याकडून येतं, आणि त्यासोबत जंतूंचे तुकडेही. ते टिपायला रक्तवाटांच्या कडेनं कुफर पेशी बसलेल्या असतात. कार्ल फॉन कुफर यांच्यावरून त्यांना हे नाव पडलं. न्यूट्रोफिल, मोनोसाइट, बऱ्याचशा टी पेशी या पांढऱ्या पेशी मात्र इजा झाल्यावर रक्तातून येतात.

या पेशी नुकसान करतात का? हो, करतात. हेपॅटायटिस बीचा विषाणू स्वतः यकृताच्या पेशी फारशा मारत नाही. विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून मारतात त्या आपल्याच टी पेशी. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या मुलाच्या रक्तात विषाणू अफाट असतो, तरी बरीच वर्षं एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल आणि स्लाइड शांत असू शकते. त्याच्या टी पेशी विषाणूच्या वाटेला फारशा जात नाहीत. तोच विषाणू धडधाकट प्रौढाला गाठतो तेव्हा डोळे पिवळे होतात, एसजीपीटी हजारात जातं, आणि तरीही बहुतेक जण काही महिन्यांत विषाणूमुक्त होतात. ज्या सुजेनं अंथरूण धरायला लावलं, तिनंच विषाणू घालवला.

आता दुसरी बाजू. पॅरासिटामॉलचा फार मोठा डोस पोटात गेला की यकृताच्या पेशी पट्ट्यापट्ट्यानं मरतात. तो राडारोडा उचलायला मोनोसाइट येतात. आल्या आल्या त्या आक्रमक असतात, पण मेलेल्या पेशी गिळता गिळता त्यांची चाल बदलते आणि त्या डागडुजीला लागतात. काविळीतून उठणाऱ्या रुग्णाच्या स्लाइडला पीएएस-डायस्टेजचा रंग दिला की अशा पेशींचे पुंजके किरमिजी उठून दिसतात. एसजीपीटी उतरत आलं तरी त्या तिथे असतात. त्या दिसल्या की मला मनापासून बरं वाटतं.

एडिनबरोच्या संशोधकांचा २००५ मधला उंदरांवरचा एक प्रयोग मी रेसिडेंट्सना आवर्जून सांगते. रसायन टोचून उंदरांच्या यकृतात व्रण, म्हणजे जखमेचे वण, तयार केले. इजा चालू असताना मॅक्रोफेज (कुफर पेशी आणि मोनोसाइटपासून झालेल्या अशा गिळणाऱ्या पेशी) काढून टाकले तर व्रण कमी झाला. इजा थांबल्यावर, यकृत सावरत असताना काढले, तर व्रण विरघळेना. पेशी त्याच होत्या, फक्त वेळ वेगळी.

यकृत पुन्हा वाढतं त्यातही या पेशींचा हात असतो. दोन तृतीयांश यकृत कापलं तरी उंदराचं यकृत आठ-दहा दिवसांत भरून येतं. कुफर पेशी आयएल-६ हे निरोप देणारं प्रथिन सोडतात आणि झोपलेल्या यकृतपेशी विभाजनाच्या तयारीला लागतात. १९९६ मध्ये आयएल-६ नसलेल्या उंदरांवर हे पाहिलं तेव्हा त्यांचं यकृत नीट वाढलं नाही, काहींचं तर निकामीच झालं.

म्हणून सूज दिसली की दाबा, असं होत नाही. याचा अर्थ सूज दाबणारं स्टेरॉइड वाईट असा मात्र काढू नका. ऑटोइम्यून हेपॅटायटिसमध्ये या पेशी कारण नसताना यकृतावर उठतात आणि तिथे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड जीव वाचवतं. ते परस्पर बंद करणं फार धोक्याचं.

अडचण अशी की स्लाइड म्हणजे एका क्षणाचा फोटो. तीच गर्दी आजाराच्या तिसऱ्या दिवशी वेगळं सांगते, तिसऱ्या महिन्यात वेगळं. तारीख मला काचेवर दिसत नाही. औषधांचंही तसंच. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. चित्र ऑटोइम्यूनशी मिळतंजुळतं होतं. आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, तो वाद वेगळा. पण रुग्ण काढा घेत होता हे मला कळलंच नाही, तर मी त्या दिशेनं विचार तरी कशी करणार?

तेव्हा बायोप्सीच्या फॉर्मवर तीन गोष्टी नक्की लिहा, किंवा डॉक्टरांना लिहायला सांगा: डोळे पहिल्यांदा पिवळे कधी दिसले, त्याआधीच्या सहा महिन्यांत काय काय घेतलं (गोळ्या, काढे, चूर्णं, जिममधली पावडर, सगळं), आणि स्टेरॉइड सुरू झालं असल्यास कोणत्या तारखेपासून. फॉर्मवर जागा पुरली नाही तर मागच्या बाजूला लिहा. मी मागची बाजूही वाचते.