काढला गेला

"सर, चाळीस जीबी मोकळे झाले!"

मेसेज आला तेव्हा मी चुलतभावाच्या लग्नात पंगतीला बसलो होतो. शेवटी हाताखालच्या पोराने टाळ्यांची दोन चित्रं टाकली होती. जिलबी ताटात पडली आणि माझा हात तसाच राहिला. अर्ध्या तासापूर्वी त्याचा फोन आला होता, "डिस्क ९१ टक्के भरलीय सर, आरसीवाले साफ करू का?" आणि सनईच्या आवाजात मी ओरडून म्हटलं होतं, "कर, कर." आरसीवाले काढून चाळीस जीबी कधीच मिळत नाहीत. चाळीस एमबी मिळाले तरी डोक्यावरून पाणी.

हे आरसी प्रकरण बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. डेबियन या लिनक्सवर पॅकेज, म्हणजे बसवलेला प्रोग्राम, काढायच्या दोन तऱ्हा. 'रिमूव्ह' म्हटलं की प्रोग्राम जातो, पण सेटिंगच्या फाइली मागे राहतात. उद्या परत बसवलं तर आधीचं सगळं जागच्या जागी मिळावं म्हणून. 'पर्ज' म्हटलं की त्याही जातात. नुसत्या रिमूव्ह केलेल्या पॅकेजपुढे यादीत आर आणि सी ही दोन अक्षरं येतात. आर म्हणजे काढायला सांगितलंय, सी म्हणजे कॉन्फिगरेशन अजून पडून आहे. दोनतीन अपग्रेड पाहिलेल्या सर्व्हरवर अशा पन्नास-साठ ओळी सहज साठतात. त्या गाळून, नावं उचलून, सगळी एका दमात पर्जच्या तोंडी देणारी एक ओळ बहुतेक ॲडमिन लोकांच्या वहीत असते. पोराने वापरली ती माझ्या वहीतली.

आता पर्ज म्हणजे नुसतं फाइली पुसणं नव्हे. रिमूव्ह झालेलं पॅकेज आपल्यामागे पोस्ट-आरएम नावाची स्क्रिप्ट ठेवून जाऊ शकतं. पर्जच्या वेळी ती चालते आणि ती काय काय करेल हे पॅकेज बांधणाऱ्याने ठरवलेलं असतं. कुणी लॉग पुसतं, कुणी कॅश. घरच्या फोल्डरमधल्या ठिपक्याने सुरू होणाऱ्या फाइलींना ती हात लावत नाही, हा शिरस्ता. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रोग्रामची स्क्रिप्ट मात्र डेटाबेसच्या डिरेक्टऱ्याही उचलू शकते. न विचारता नाही हं, रीतसर निळा पडदा टाकून विचारते: डेटाही काढायचा का? फक्त तिथे आधीपासून निवडलेलं उत्तर 'हो' असतं, आणि माणसाला काही विचारू नकोस असं मशीनला सांगून ठेवलं असेल तर तेच उत्तर धरलं जातं.

आम्ही सांगून ठेवलं होतं. म्हणजे मी. पूर्वी एकदा रात्रीचं अपग्रेड अशाच निळ्या पडद्यावर अडकून सकाळपर्यंत ताटकळलं होतं, त्या रागात रूटच्या, म्हणजे मुख्य ॲडमिन खात्याच्या, बॅशआरसी या सेटिंगच्या फाइलमध्ये 'नॉनइंटरॲक्टिव्ह'ची ओळ घातली आणि विसरलो.

सर्व्हर एका दूध संघाचा. २०२० मध्ये आम्ही तो डेबियन ९ वरून १० वर नेला, पोस्टग्रेस ९.६ वरून ११ वर. नव्या संगणक प्रणालीने फक्त चालू शिल्लक घेतली. आधीच्या आठ वर्षांचं संकलन (लिटर, फॅट, एसएनएफ, दहा-दहा दिवसांची बिलं, दिवाळीचा दर फरक) जुन्या ९.६ च्या पोटातच राहिलं. मी ९.६ रिमूव्ह केलं, पर्ज केलं नाही. म्हटलं, असू दे, लागलं तर परत बसवू. हे मी कुठेही लिहून ठेवलं नाही. जी एकमेव खूण होती ती यादीतली आरसीची ओळ, आणि आमच्या धंद्यात ती ओळ म्हणजे कचरा.

मांडवामागे जाऊन मोबाइलवरूनच सर्व्हरवर शिरलो. ॲप्टच्या, म्हणजे पॅकेजं आणून बसवणाऱ्या वरच्या प्रोग्रामच्या, हिस्टरीत काही नाही. नसणारच, ती ओळ त्याच्या खालच्या डीपीकेजी या प्रोग्रामला थेट हाक मारते, ॲप्टला पत्ताच नसतो. डीपीकेजीच्या लॉगमध्ये मात्र तारीख, वेळ, 'पर्ज', पोस्टग्रेस ९.६. वेळ पाहिली: माझं "कर, कर" म्हणून झाल्यावर चार मिनिटांनी.

पुसलेलं परत आणण्याची आशा पाच मिनिटांत संपली. ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम एखादी फाइल पुसताना ती डिस्कवर कुठे कुठे पसरली होती त्याचा माग फाइलच्या नोंदीतूनच, म्हणजे आयनोडमधूनच, काढून टाकते. शिवाय चालू डेटाबेस त्याच पार्टिशनवर, दर सेकंदाला काहीतरी लिहीत बसलेला. रोजचा बॅकअप होता, पण ११ चा. बंद असलेल्या ९.६ चा डम्प, म्हणजे पूर्ण प्रत, कोण घेणार?

डम्प निघाला संघाच्या हिशेबनिसांच्या कपाटात. एक बाहेरची हार्डडिस्क, वर चिकटपट्टीवर निळ्या पेनने "जुनं. पुसू नये." २०२० मध्ये त्यांनी माझ्या मागे लागून ती भरून घेतली होती आणि मी ऑफिसात त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं. पोरगा मोटरसायकलने जाऊन ती घेऊन आला. "साहेब, सांभाळून हं," एवढंच म्हणाले म्हणे. रिस्टोअरला रात्रीचे नऊ वाजले, निम्मा वेळ इंडेक्स बांधण्यात गेला. उघडून पाहिलं तर डम्प बदलाच्या अकरा दिवस आधीचा.

संघाला द्यायचा अहवाल मीच लिहिला. त्यात वाक्य आहे: "सफाईदरम्यान जुना डेटा काढला गेला." कर्मणी प्रयोगाची मराठीत किती सोय आहे! पोराने त्याच रात्री "चूक माझी" म्हणून मेल टाकला होता. मी त्याला "सोड रे, होतं" एवढं उत्तर दिलं. मेल मात्र मालकांनाही गेला होता, तिथे मी काही लिहिलं नाही. तीन दिवसांनी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की ओळ माझी, बॅशआरसी माझी, परवानगीही माझीच. ते म्हणाले, "ते ठीक आहे, पण त्याने बघायला नको का?" मी मान हलवली. कुठल्या अर्थाने हलवली, ते अजून मला सांगता येत नाही.

बॅशआरसीतली ओळ काढली. वहीतली ओळ अजून आहे, पुढे "आधी यादी वाच" असं लिहिलंय.

उरलेले अकरा दिवस संकलन केंद्रांच्या कागदी रजिस्टरांवरून भरतोय. शनिवारी दुपारी पोरगा टाइप करतो, मी वाचून दाखवतो. सकाळ, म्हैस, साडेचार लिटर, फॅट सहा पॉइंट आठ. संध्याकाळ, गाय, सात लिटर, तीन पॉइंट नऊ. सातव्या दिवसापर्यंत पोचलोय.