तुमचं कोण होतं तिथे?

झारखंडमधल्या चासनाल्याला, कोळसाखाणीच्या अपघातात गेलेल्यांच्या स्मारकापाशी जाऊन आले म्हटलं की ऐरोलीतल्या शेजारणींपासून कामावरच्या लोकांपर्यंत सगळे हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. माझं तिथे कोणीच नव्हतं.

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी बावीस वर्षं आहे. आत किती माणसं गेली, बाहेर किती आली, हे माझं काम. काही वर्षांपूर्वी रात्रपाळीत आग लागली. सगळे गेटपाशी जमले, मी हजेरी घेतली, मस्टरप्रमाणे आकडा बरोबर भरला. ‘सगळे बाहेर आलेत,’ असं मी सांगूनही टाकलं. तेवढ्यात मागच्या शेडमधून एक पोरगा खोकत खोकत आला. कंत्राटदाराने त्याला त्याच संध्याकाळी आणलं होतं आणि नाव कुठेच चढवलं नव्हतं. तो स्वतःहून आला नसता तर माझ्या शब्दावर विसंबून कोणी शोधायलाही गेलं नसतं. कितीतरी रात्री मला झोप नव्हती.

त्या दिवसांत चासनाल्याबद्दल वाचलं. झरियाच्या कोळसापट्ट्यातली, धनबादजवळची खाण. २७ डिसेंबर १९७५, दुपारची वेळ, पाळी चालू. वरच्या जुन्या खोदकामात पाणी साठलेलं होतं, ते मधला आडोसा फोडून खाली काम करणाऱ्यांवर कोसळलं. ३७५ माणसं गेली. काही ठिकाणी ३७२ लिहितात. तीन माणसांचा फरक! तो आकडा ओलांडून मला पुढे वाचताच येईना.

पाणी उपसायला कितीतरी दिवस लागले. देह ओळखू येत नव्हते, तेव्हा टोपीवरच्या दिव्याच्या नंबरावरून ओळख पटवावी लागली. खाली उतरण्याआधी लॅम्प रूममधून घेतलेला तो दिवा. तेच त्यांचं मस्टर.

गेल्या डिसेंबरात कल्याणहून हावडा मेल पकडली. २७ तारखेला स्मारकापाशी गर्दी होती. झेंडूच्या माळा, उदबत्त्यांचा धूर. एक म्हातारी पायरीशी बसली होती. माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत मी विचारपूस केली. नवऱ्याचं नाव तिने घेतलं नाही; माझी आजीही घेत नसे. तिने दिव्याचा नंबर सांगितला, तोंडपाठ.

मी पिशवीतली वही काढून तो लिहून घेतला. तिने वाकून पाहिलं. शेवटचा आकडा नीट उमटला नव्हता, तो तिने मला पुन्हा गिरवायला लावला.