बस बस, पुरे!

फ्रान्समध्ये सहा वर्षं काढली की मुंबईतल्या नातेवाइकांच्या मते माणसाला दोन गोष्टी आपोआप येतात: फ्रेंच आणि वाइन. माझं फ्रेंच दूध-भाजी आणण्यापुरतं आहे. वाइनचं तर विचारूच नका. तरी या डिसेंबरात लिऑनहून दादरला सुट्टीवर आले तेव्हा वहिनीने जाहीर केलं, की आईबाबांच्या लग्नाच्या 45व्या वाढदिवसाला लोअर परळला जेवायला जायचं आणि वाइन वन्सं मागवतील. वन्सं म्हणजे मी. एरवी ती मला नावाने हाक मारते. वन्सं म्हटलं की गळ्यात काहीतरी पडणार हे ठरलेलं.

ही जबाबदारी किती चुकीच्या माणसावर पडली होती हे कळायला लिऑनमधली माझी पहिलीवहिली मेजवानी सांगायला हवी. ऑफिसातली मंडळी मला एका ‘बुशाँ’मध्ये घेऊन गेली. बुशाँ म्हणजे लिऑनची अस्सल खानावळ. चौकड्याचे टेबलक्लॉथ, खाटकाकडचं काहीही वाया न घालवणारा स्वयंपाक. मी पाहुणी, म्हणून वाइन मी निवडावी असा आग्रह झाला. यादीतली सगळ्यात स्वस्त मागवायला लाज वाटली, म्हणून तिच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. (माझा अंदाज आहे की जगभरात निम्मी वाइन याच पद्धतीने निवडली जाते.)

वेटरने बाटली आणून लेबल दाखवलं. मी लग्नाची पत्रिका वाचावी तसं ते गंभीरपणे वाचलं. त्याने बूच काढलं, माझ्या पेल्यात दोन घोट ओतले आणि थांबला. मीही थांबले. मला वाटलं, इथे बेतानेच वाढत असतील. मी ते दोन घोट संपवले आणि वरणावर तूप घ्यायला वाटी पुढे करावी तसा पेला पुढे केला. तो हसून काहीतरी म्हणाला, मी मान डोलावली आणि तो बाकीच्यांचे पेले भरत गेला. शेवटी माझ्याकडे आला, बाटली तिरकी करून प्रश्नार्थक पाहिलं. मला येत असलेला सगळ्यात सभ्य फ्रेंच शब्द मी वापरला: “मेर्सी!” तो निघून गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला. “मेर्सी!” पुन्हा गेला. असं तीनदा झालं. आसपास सगळे रंगात आलेले आणि मी कोरडी.

दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने उलगडा केला. कुणी काही देऊ केलं आणि तुम्ही नुसतं ‘मेर्सी’ म्हणालात, तर फ्रेंच माणूस त्याचा अर्थ ‘नको, आभारी आहे’ असा घेतो. हवं असेल तर आधी ‘उई’, म्हणजे हो, म्हणायचं. आपल्याकडे नको-नको म्हणणाऱ्यालाच जास्त वाढतात, तिथे आभार मानणाऱ्याला उपाशी ठेवतात.

त्या दोन घोटांचा अर्थही तेव्हा कळला. वाइन आवडली का, असं ते विचारतच नसतात. बाटली बिघडलेली नाही ना, एवढंच तपासायचं. म्हणजे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातली पसंती-नापसंती नव्हे. नारळ फोडून आत नासका निघाला नाही ना, एवढं बघायचं. बुचाच्या सालीत कधीकधी टीसीए नावाचं एक रसायन तयार होतं. त्याने अपाय काही होत नाही, पण वाइनला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो. अशी बाटली खुशाल परत करावी, नवी देतात. नुसती आवडली नाही म्हणून मात्र परत करता येत नाही.

हे ज्ञान घेऊन मी पुढच्या वेळी आत्मविश्वासाने पेला नाकाला लावला. जुलै महिन्यातलं आजीचं गिरगावातलं लाकडी कपाट! तोच ओलसर, बुरसट, मायेचा वास. मी गहिवरून म्हणाले, “छान आहे.” शेजारच्याने एकदाच हुंगलं आणि वेटरला हाक मारली. बाटली परत गेली. मुंबईच्या पावसाळ्यात वाढलेल्या नाकाला हे काम देऊच नये, असं माझं तेव्हापासून ठाम मत आहे.

अशा बाटलीला फ्रेंचमध्ये ‘बुशोने’ म्हणतात, कारण बुचाला बुशाँ म्हणतात. खानावळीलाही बुशाँ. आणि रस्त्यावरच्या ट्रॅफिक जॅमलाही बुशाँच! त्यामुळे ‘बुशाँत अडकले म्हणून बुशाँला पोचायला उशीर झाला आणि तिथे बाटलीचा बुशाँ कुजका निघाला’ हे लिऑनमध्ये एक साधंसुधं वाक्य आहे.

नवऱ्याच्या वाढदिवसाला मी केलेला पराक्रम थोडक्यात सांगते. शॅम्पेनच्या यादीत एका नावापुढे ‘ब्रूट’ लिहिलेलं होतं. हे काहीतरी रासवट दिसतंय म्हणून ते टाळलं. दुसऱ्यापुढे होतं ‘दमी-सेक’, म्हणजे अर्धी कोरडी. मध्यममार्ग बरा, असं म्हणून तीच मागवली. पहिल्या घोटाला नवरा म्हणाला, “पाकातली आहे का?” पुढे कळलं, की शॅम्पेनमध्ये ब्रूट म्हणजे लिटरमागे 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर, ‘सेक’ म्हणजे 17 ते 32 आणि दमी-सेक म्हणजे 32 ते 50. एकेकाळी लोक शॅम्पेन याहून कितीतरी गोड प्यायचे, तेव्हाची ही नावं. त्या मानाने ही ‘अर्धी कोरडी’ खरीच. आम्ही ती माशाबरोबर प्यायलो. श्रीखंडाबरोबर बोंबील खाल्ल्यासारखं वाटलं.

पण सगळ्यात मोठी फजिती मुंबईतच झाली, आणि ती माझी नव्हे. दोन वर्षांपूर्वी कामासाठी एका फ्रेंच सहकाऱ्याबरोबर इथे आले होते. एक दिवस सुट्टी मिळाली, त्याला गेटवे, काळा घोडा वगैरे फिरवलं आणि रात्री जेवायला नेलं. त्याने व्हाइट वाइन मागितली. वेटर अदबीने म्हणाला, “सॉरी सर, ड्राय डे.” ड्राय म्हणजे गोड नसलेली वाइन, असं समजून सहकारी खूश. “ड्राय? परफेक्ट! व्हेरी ड्राय, प्लीज.” वेटरने माझ्याकडे बघितलं. मी फोनवर तारीख बघितली. 2 ऑक्टोबर.

गांधीजयंतीचं त्याला लगेच पटलं. पण मग मतदानाच्या आधीही दुकानं बंद असतात हे ऐकून तो बुचकळ्यात पडला. त्याच्या मते तर निवडणुकीच्या काळातच माणसाला प्यायची खरी गरज असते. मी त्याला सांगितलं, की महाराष्ट्रात दारू प्यायला कागदोपत्री परवाना लागतो, 1949चा दारूबंदी कायदा आहे, आणि ‘परमिट रूम’ या पाट्या त्यातूनच आल्या. शिवाय वाइन-बिअरला वय 21 लागतं, व्हिस्कीला 25. फ्रान्समध्ये 18 पूर्ण झाली की काम झालं. त्याने फ्रेश लाइम सोडा मागवला आणि ‘परमिट रूम’ हे शब्द वहीत लिहून घेतले. लिऑनच्या ऑफिसात आता पेंट्रीला हेच नाव आहे.

तर लोअर परळ. आईबाबा, आत्या, दादा-वहिनी आणि मी. वाइनची यादी भली जाड, चामड्याच्या फाइलमधली. मी एक सांगितली. “मॅडम, ते स्टॉकमध्ये नाहीये.” दुसरी. तीही नाही. चौथ्या नकारानंतर मी विचारलं, आहे काय? “नाशिकची आहे ना, रेड.” मग एवढी फाइल कशाला, असं आई पुटपुटली.

नाशिक ऐकून टेबलावर आपलेपणा पसरला. आत्या म्हणाली, “नाशिकची ना? मग द्राक्षंच की. उपासालासुद्धा चालली असती.” मी सांगायला लागले, की फ्रान्समध्ये द्राक्षांची काढणी सप्टेंबरच्या सुमारास होते, आपल्या नाशिकला जानेवारी ते मार्चमध्ये, तिथल्या सुला या कंपनीची पहिली वाइन 2000 साली आली, तेव्हापासून... पण दादाचं लक्ष लेबलावर. “साडेसातशे मिली? म्हणजे खंबाच झाला!” बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. दादा चाळिशीला आला तरी त्या नजरेने अजून गप्प होतो.

“ड्राय लिहिलंय,” आत्या म्हणाली. “ओली वस्तू कोरडी कशी गं?” हा प्रश्न मलाही सहा वर्षांपूर्वी पडला होता. द्राक्षातली साखर यीस्टने जवळजवळ सगळी खाऊन टाकली, की उरते ती ड्राय, असं मी सांगितलं. “म्हणजे मुंग्या लागायची भीती नाही,” आत्याने निष्कर्ष काढला.

बाटली आली ती चांगली कोमट. रेड वाइन रूम टेंपरेचरला द्यावी असं वेटरला शिकवलेलं. ही रूम थंड देशातली, 16-18 अंशांची धरलेली असते, परळची नव्हे. मी बर्फाची बादली मागितली. “मॅडम, ही रेड आहे,” तो हळूच म्हणाला. चारचौघांत माझं अज्ञान उघडं पडू नये ही त्याची धडपड मला फार आवडली.

बुचाऐवजी पिळायचं झाकण होतं. त्याने ते कडकन फिरवलं आणि बशीत ठेवून समारंभाने माझ्यासमोर सरकवलं. सवयीने मी ते उचलून हुंगलं. ॲल्युमिनियमच्या झाकणाला ॲल्युमिनियमचाच वास आला. सगळं टेबल श्वास रोखून बघत होतं. “कळलं काही?” वहिनीने विचारलं. “हो. चांगली आहे,” मी म्हणाले. आता मागे फिरणं शक्य नव्हतं.

ऑर्डर मी दिली होती, झाकण मी हुंगलं होतं, तरी चाखायला द्यायची वेळ आल्यावर वेटर थेट बाबांकडे वळला. हे लिऑनमध्येही होतं, त्यामुळे मी काही बोलले नाही. त्याने बाबांच्या पेल्यात दोन घोट ओतले आणि थांबला. बाबा आयुष्यभर पंक्तीत जेवलेले. वाढपी थांबला की पानावर आडवा हात धरायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांनी पेल्यावर हात धरला. “बस बस, पुरे!”

वेटरने मान लववली आणि बाकीच्यांचे पेले भरले. फेरी संपवून पुन्हा बाबांकडे आला तेव्हा मी तोंड उघडणार, इतक्यात बाबाच भिडेने म्हणाले, “नको नको, आहे मला.” आपल्याकडे यानंतर वाढपी आग्रह करतो. याने केला नाही. ट्रेनिंग चांगलं होतं. मी माझा पेला त्यांच्याकडे सरकवला, तर त्यांनी तो परत सरकवला. तेवढे दोन घोट त्यांनी स्टार्टरपासून कुल्फीपर्यंत पुरवले, तीर्थासारखे.

परतताना काळ्या-पिवळीत ते पुढे बसले होते. सिद्धिविनायकापाशी सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मागे वळून त्यांनी मला विचारलं, “तुमच्या तिकडे वयाने सगळ्यात मोठा असेल त्याला सगळ्यात कमी देतात का गं?”